हिरोज ३ साठी स्वतःचा नकाशा: आखणी, मोजमाप आणि संतुलन

न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगचा 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' हा खेळ १९९९ साली आला आणि त्याच्याबरोबर नकाशे तयार करण्याचा एडिटरही खेळाडूंच्या हाती आला. हा पाळीपाळीने खेळायचा व्यूहरचनेचा खेळ आहे: प्रत्येक पाळी म्हणजे एक दिवस, आणि खेळाडूचे सेनानायक, म्हणजे हिरो, जीवांचे सैन्य घेऊन घरांच्या पटावर फिरतात, खाणी आणि नगरे जिंकतात. हा खेळ आजही आवडीने खेळला जातो, यात खेळाडूंनी स्वतः रचलेल्या नकाशांचा वाटा फार मोठा आहे. एडिटर शिकणे अवघड नाही. जमीन रंगवणे, डोंगर आणि झाडी ठेवणे, खाणी मांडणे ही कामे थोड्या सरावाने हाताला बसतात. अवघड असते ते चौथ्या आठवड्यापर्यंत चुरस टिकवून धरणे. कितीतरी नकाशे दिसायला देखणे असूनही दुसऱ्याच आठवड्यात निकाली निघतात, कारण रचणाऱ्याने अंतरे पटावरच्या घरांत मोजलेली असतात आणि खेळणारा मात्र ती दिवसांत अनुभवत असतो. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला आहे: कोणता खेळाडू, कोणत्या दिवशी, केवढ्या सैन्यानिशी, कुठे पोहोचतो?

आधी ठरवायच्या गोष्टी

सर्वांत आधी आवृत्ती ठरवावी. मूळ खेळात आठ प्रकारची नगरे होती. त्याच वर्षी आलेल्या 'आर्मागेडन्स ब्लेड' या विस्ताराने कॉन्फ्लक्स हे नववे नगर आणले, तर २००० साली आलेल्या 'शॅडो ऑफ डेथ' या आवृत्तीच्या एडिटरमध्ये ठरावीक मंत्र आणि कौशल्ये नकाशापुरती बंद करण्याची सोय मिळाली. संतुलनाच्या दृष्टीने ही सोय इतकी मोलाची आहे की नव्याने काम सुरू करणाऱ्याने 'शॅडो ऑफ डेथ'चाच एडिटर वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र २०१५ साली युबिसॉफ्टने काढलेल्या एचडी आवृत्तीत फक्त मूळ खेळ आहे आणि नव्या आवृत्तीत केलेला नकाशा जुन्या आवृत्तीत उघडत नाही, हे ध्यानात ठेवून आपले खेळाडू कोणती आवृत्ती वापरतात याची खात्री आधीच करून घ्यावी.

त्यानंतर आकार. लहान नकाशा ३६ बाय ३६ घरांचा, मध्यम ७२ बाय ७२, मोठा १०८ बाय १०८ आणि अतिमोठा १४४ बाय १४४ घरांचा असतो. भुयारी पातळी घेतली की क्षेत्रफळ दुप्पट होते. दोन पातळ्यांच्या अतिमोठ्या नकाशात ४१,४७२ घरे भरतात आणि ती सगळी अर्थपूर्ण रीतीने भरणे एकट्या माणसासाठी महिनोन्महिन्यांचे काम आहे. पहिला नकाशा दोन खेळाडूंसाठी, मध्यम आकाराचा आणि एकाच पातळीचा करावा. त्याची ५,१८४ घरेही नीट विचार करून भरायला पुरेशी आहेत.

नकाशा माणसांनी एकमेकांविरुद्ध खेळायचा आहे की एकट्याने संगणकाविरुद्ध, हेही सुरुवातीलाच ठरले पाहिजे, कारण दोन्हींचे संतुलन वेगळ्या प्रकारे साधावे लागते. संगणकाविरुद्धच्या नकाशात दोन्ही बाजू समान असण्याची गरज नसते. तिथे संगणकाला जास्त नगरे किंवा जवळच्या खाणी देऊन आव्हान उभे करता येते आणि त्याचा स्वभाव लढवय्या, बांधकामाकडे कल असलेला किंवा शोधक ठेवायचा, हेही एडिटरमध्ये ठरवता येते. पुढील बरेचसे विवेचन माणसांमधील सामन्यासाठी आहे, कारण खरी कसोटी तिथे लागते.

कागदावरचा आराखडा

एडिटर उघडण्याआधी कागद घ्यावा. प्रत्येक प्रदेशासाठी एक वर्तुळ काढावे आणि प्रदेशांना जोडणाऱ्या प्रत्येक वाटेसाठी एक रेघ ओढावी. दोन खेळाडूंच्या नकाशाला पाच वर्तुळे पुरतात: दोन घरचे प्रदेश, त्यांच्यापुढे प्रत्येकी एक मधला प्रदेश आणि दोघांच्या मधोमध असलेला सामाईक गाभा. प्रत्येक रेघेवर दोन गोष्टी लिहाव्यात, ती वाट ओलांडायला किती दिवस लागतील आणि तिच्यावर कोणता पहारा असेल.

मग वेळापत्रक मांडावे. माझ्या मते मध्यम नकाशाला साधारण असे वेळापत्रक शोभते: पहिला आठवडा घरच्या प्रदेशातच जावा, दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला बाहेर पडण्याच्या वाटेवरचा पहारा मोडता यावा, तिसरा आठवडा मधल्या प्रदेशात जावा आणि चौथ्या आठवड्यात गाभ्यात पहिली मोठी गाठ पडावी. नगरातील सैन्याची वाढ दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी होत असल्याने प्रत्येक टप्प्याची सीमा या दिवसाशी जुळवली, तर खेळाडूला नवे सैन्य हाती आल्यावर नवे दार उघडल्याचा अनुभव येतो आणि खेळाला आपोआप लय लाभते.

घरच्या प्रदेशातून बाहेर पडायच्या वाटा किती असाव्यात, याचा विचार सवडीने करावा. एकच वाट ठेवली तर खेळाडू तिच्या तोंडाशी मुख्य सैन्य उभे करून बसतो आणि सामना गोठतो. तीन किंवा अधिक वाटा ठेवल्या तर शत्रूचा एखादा हलका हिरो कुठूनही आत घुसून खाणी पळवतो आणि मुख्य सैन्य नुसते मागे-पुढे धावत राहते. दोन वाटा सर्वांत उत्तम: एक जवळची पण कडक पहाऱ्याची, दुसरी लांबची पण सैल पहाऱ्याची. लवकर पोहोचायचे की सैन्य राखायचे, हा निर्णय मग खेळाडूला घ्यावा लागतो, आणि असे निर्णय जितके जास्त, तितका नकाशा पुन्हा पुन्हा खेळावासा वाटतो.

चालीचा हिशेब

हिरोला एका दिवसात किती चाल मिळेल, हे त्याच्या सैन्यातील सर्वांत मंद जीवाच्या वेगावरून ठरते. जमिनीवर ही चाल कमीत कमी १५०० आणि कौशल्ये किंवा वस्तूंची भर नसेल तर जास्तीत जास्त २००० गुण असते. एक घर सरळ पुढे जायला गवताळ जमीन, माती, लाव्हा आणि भुयारी जमीन यांवर १०० गुण लागतात, खडबडीत जमिनीवर १२५, वाळू आणि बर्फावर १५०, तर दलदलीत १७५. तिरके पाऊल सुमारे १.४१ पट महाग पडते. रस्ता असेल तर जमीन कोणतीही असो, कच्च्या रस्त्याला ७५, खडीच्या रस्त्याला ६५ आणि फरसबंद रस्त्याला ५० गुण लागतात.

हे आकडे पाठ असणे का गरजेचे आहे, ते एका उदाहरणावरून कळेल. कॅसल नगराचा हिरो भालाईत घेऊन निघाला, तर भालाइताचा वेग ४ असल्याने त्याला दिवसाला १५६० गुण मिळतात. समजा, रत्नांची खाण नगरापासून सरळ २२ घरांवर आहे. उघड्या गवतावरून तिथे पोहोचायला २२०० गुण लागतात, म्हणजे तो दुसऱ्या दिवशी पोहोचेल. कच्चा रस्ता टाकला तर १६५० गुण लागतात. अवघे ९० गुण कमी पडतात आणि दुसरा दिवस उजाडतोच. खडीचा रस्ता टाकला तर १४३० गुणांत तो पहिल्याच दिवशी खाणीवर असतो. दलदलीतून नेले तर ३८५० गुण लागून तिसरा दिवस उजाडतो. आता दुसऱ्या खेळाडूची खाण त्याच कच्च्या रस्त्यावर २२ ऐवजी २० घरांवर असेल, तर त्याला १५०० गुण पुरतात आणि तो एक पूर्ण दिवस आधी पोहोचतो. नकाशाकडे पाहताना दोन घरांचा हा फरक कोणाच्याही डोळ्यांत भरत नाही, पण तीच खाण सोन्याची असेल तर त्याची किंमत १००० सोने होते.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणाचे अंतर गुणांत काढून त्याला १५०० ने भागावे आणि येणाऱ्या दिवसांची वही ठेवावी. भागाकार पूर्णांकाच्या अगदी जवळ येत असेल, म्हणजे थोडक्यात दिवस चुकत असेल किंवा थोडक्यात साधत असेल, तर ती जागा धोक्याची समजून दोन-तीन घरे मागे-पुढे सरकवावी. अशा काठावरच्या जागांमुळे वेगवान सैन्याच्या नगराला विनाकारण फायदा मिळतो.

अनुभवी खेळाडू हिरोंची साखळी करतात. एक हिरो आपली चाल संपेपर्यंत सैन्य नेतो, तिथे आधीपासून उभ्या असलेल्या दुसऱ्या हिरोला ते देतो आणि तो पुढे निघतो. एका खेळाडूचे एकावेळी आठ हिरो पटावर असू शकतात आणि मधुशाळेत नवा हिरो २५०० सोन्यात मिळतो, हे लक्षात घेता फरसबंद रस्त्यावर तीन हिरोंची साखळी एका दिवसात सैन्य सुमारे नव्वद घरे पुढे पोहोचवू शकते. मध्यम नकाशाची पूर्ण रुंदी ७२ घरे आहे. दोन नगरांना जोडणारा सलग फरसबंद रस्ता अशा नकाशात कधीही ठेवू नये; फरसबंदी घरच्या प्रदेशापुरती ठेवून मधल्या भागात कच्चा रस्ता किंवा उघडी जमीन ठेवावी.

जमिनीचा आणखी एक पैलू आहे. प्रत्येक नगराच्या जीवांची एक मूळ भूमी असते: कॅसल आणि रॅम्पार्टची गवताळ, टॉवरची बर्फाळ, इन्फर्नोची लाव्हा, नेक्रोपोलिसची माती, डंजनची भुयारी, स्ट्राँगहोल्डची खडबडीत आणि फोर्ट्रेसची दलदल. मूळ भूमीवर लढताना जीवांना आक्रमण, संरक्षण आणि वेग यांत प्रत्येकी एकाची भर मिळते. वेगातील ही एकाची भर लढाईत पहिला वार कोणाचा, हे ठरवू शकते. म्हणून सामाईक गाभ्याची जमीन कोणत्याच खेळाडूची मूळ भूमी नसावी, किंवा नगरे ठरलेली नसतील तर गाभ्यात दोन-तीन प्रकारच्या जमिनी मिसळाव्यात.

नगर आणि खाणी

लाकूड आणि खनिज यांच्या खाणी दिवसाला प्रत्येकी २ नग देतात, पारा, गंधक, स्फटिक आणि रत्ने यांच्या खाणी १ नग देतात, आणि सोन्याची खाण १००० सोने देते. नगराला उत्पन्न देणाऱ्या इमारतींपैकी सर्वांत लहान ग्रामगृहाचे उत्पन्न दिवसाला ५०० आणि सर्वांत मोठ्या राजगृहाचे ४००० असते. म्हणजे पहिल्या आठवड्यात हाती आलेली एक सोन्याची खाण सुरुवातीच्या नगराच्या दुप्पट कमावते. घरच्या प्रदेशात सोन्याची खाण ठेवू नये. ती मधल्या प्रदेशात आणि चांगल्या पहाऱ्यात ठेवावी.

लाकूड आणि खनिज मात्र नगराच्या शेजारीच हवे, शक्यतो पहिल्या आणि दुसऱ्या दिवसाच्या टप्प्यात. सर्वांत कठीण पातळीवर खेळाडूकडे सुरुवातीला एकही संसाधन नसते, आणि पहिली बांधकामेच अडली तर तो आठवडाभर मागे पडतो. म्हणून खाणींखेरीज या दोन संसाधनांचे काही ढीग नगराभोवती मोकळे ठेवावेत.

दुर्मीळ संसाधनांच्या बाबतीत प्रत्येक नगराची भूक वेगळी असते. कॅसल आणि टॉवरच्या सर्वोच्च जीवांना रत्ने लागतात, रॅम्पार्ट आणि स्ट्राँगहोल्डच्या जीवांना स्फटिक, इन्फर्नो आणि नेक्रोपोलिसच्या जीवांना पारा, तर डंजन आणि फोर्ट्रेसच्या जीवांना गंधक. कॅसलचा सर्वोच्च जीव असलेल्या एका महादेवदूतासाठी ५००० सोन्याबरोबर ३ रत्ने मोजावी लागतात. नगर निवडायची मुभा खेळाडूला दिली असेल, तर चारही दुर्मीळ खाणी घरच्या प्रदेशात जवळपास सारख्या दिवसांच्या अंतरावर हव्यात. नगरे ठरलेली असतील तर मुख्य गरजेची खाण जवळ आणि बाकीच्या मधल्या प्रदेशात ठेवता येतात, आणि त्या विखुरण्यातून प्रत्येक खेळाडूला बाहेर पडण्याचे कारण मिळते. कोणत्या खेळाडूला कोणती नगरे निवडता येतील, यावर एडिटरमध्ये मर्यादा घालता येते. नेक्रोपोलिसबाबत ती मर्यादा जरूर विचारात घ्यावी, कारण प्रत्येक विजयानंतर सांगाडे उभे करणाऱ्या या नगराला दुबळ्या पहाऱ्यांची गर्दी असलेला नकाशा म्हणजे आयते सैन्य मिळते.

पहारे

संतुलन साधते किंवा बिघडते ते पहाऱ्यांवर. एडिटरमध्ये जीव ठेवला की त्याची संख्या आपोआप ठरू द्यायची किंवा स्वतः नेमकी भरायची, असे दोन पर्याय असतात. महत्त्वाच्या प्रत्येक जागी संख्या स्वतः भरावी. खेळाडूला समोरच्या जीवांची संख्या आकड्यात दिसत नाही, तर शब्दात दिसते, आणि एकाच शब्दात २० पासून ४९ पर्यंतच्या सगळ्या संख्या येतात. एका बाजूला २१ आणि दुसऱ्या बाजूला ४८ जीव उभे असतील, तर दोघांनाही पहारा सारखाच दिसेल आणि एकाचे सैन्य मात्र दुपटीने झिजेल.

दुसरी खबरदारी वाढीची. मुभा दिली तर पहाऱ्यावरचे जीव दर आठवड्याला सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. आज २० असलेले जीव आठ आठवड्यांनी ४३ च्या आसपास जातात. घरच्या प्रदेशातील पहाऱ्यांची वाढ बंद ठेवावी, कारण मागे पडलेल्या खेळाडूला आणखी मागे ढकलण्यात काही अर्थ नाही. गाभ्यातील पहाऱ्यांची वाढ चालू ठेवली तर उशीर करणाऱ्याला किंमत मोजावी लागते, आणि तिथे ते योग्यच आहे.

तिसरी बाब स्वभावाची. सर्वांत मवाळ स्वभावाचे जीव हिरोला नेहमी सामील होतात, सर्वांत हिंस्र स्वभावाचे कधीच होत नाहीत आणि मधल्या स्वभावांत हिरोची ताकद आणि मुत्सद्देगिरीचे कौशल्य यांवर बरेच काही अवलंबून राहते. वाटेवरचा सहाव्या पातळीच्या जीवांचा कडक पहारा जर मुत्सद्दी हिरोला लढाईविना सामील झाला, तर ज्याला तुम्ही अडथळा समजत होता तीच त्याच्यासाठी देणगी ठरते. प्रदेशांना जोडणाऱ्या वाटांवरचे सगळे पहारे म्हणून हिंस्र ठेवावेत. आडबाजूच्या, केवळ खजिना राखणाऱ्या जीवांना मधला स्वभाव चालतो. थोडी अनिश्चितता तिथे खेळात रंगत आणते.

संख्येइतकाच जीवांचा प्रकारही महत्त्वाचा असतो. मंद चालीच्या प्रेतांना धनुर्धारी सैन्य दुरूनच जवळजवळ न झिजता संपवते, पण त्याच पातळीचे नेमबाज जीव पहाऱ्यावर असतील तर पहिल्याच फेरीत माणसे पडतात. आणि ज्या नगराकडे सुरुवातीला नेमबाज नाहीत, त्याला मंद जीवही जड जातात. यावर माझा उपाय असा की प्रत्येक खेळाडूच्या घरच्या प्रदेशात एक मंद, एक उडणारा आणि एक नेमबाज अशा तिन्ही प्रकारचे पहारे समान संख्येने ठेवावेत, म्हणजे कोणतेही नगर निवडले तरी काही सोपे आणि काही अवघड वाट्याला येते.

जीव ठेवताना त्याच्याभोवतीची आठही घरे तो राखतो, हे विसरू नये. त्या घरांपैकी एकात पाऊल पडले की लढाई सुरू होते. वाट रोखायची असेल तर तिची रुंदी या आठ घरांच्या आवाक्यात असली पाहिजे. डोंगर आणि झाडांच्या चित्रांमध्ये नजरेला बंद वाटणारी जागा प्रत्यक्षात मोकळी असू शकते, तेव्हा एडिटरमध्ये अडलेली आणि मोकळी घरे दाखवणारे दृश्य चालू करून प्रत्येक खिंडीची कड बारकाईने तपासावी. तिरके पाऊल टाकून निसटता येईल अशी एखादी फट राहिली, तर संपूर्ण वेळापत्रक कोलमडते.

खजिना आणि नशीब

खजिन्याच्या पेटीतून १०००, १५०० किंवा २००० सोने मिळते, किंवा त्याऐवजी अनुक्रमे ५००, १००० किंवा १५०० अनुभव. क्वचित एखादी किरकोळ जादुई वस्तू निघते. हिरोला दुसऱ्या पातळीसाठी १०००, तिसऱ्या पातळीसाठी २००० आणि चौथ्या पातळीसाठी ३२०० अनुभव लागतो, म्हणजे तीन पेट्यांचा अनुभव घेतलेला हिरो एकही लढाई न करता चौथ्या पातळीपर्यंत जाऊ शकतो. घरच्या प्रदेशातील पेट्यांची संख्या दोन्ही बाजूंना सारखी ठेवणे पुरेसे नाही. त्या कोणत्या दिवशी हाती येतात, तेही जुळवावे.

नशिबाचा भाग पूर्ण काढून टाकू नये, पण त्याचा आवाका मर्यादित ठेवावा. जीवांच्या कोठारांमधील, म्हणजे पहारा हरवून बक्षीस मिळवायच्या ठिकाणांमधील, पहारा आणि बक्षीस कमी-जास्त निघू शकते, म्हणून प्रत्येक बाजूला एकच कोठार ठेवण्यापेक्षा एकाच प्रकारची दोन-तीन ठेवली की सरासरी जवळ येते. कौशल्य शिकवणाऱ्या झोपडीत कोणते कौशल्य मिळू शकेल, यावर मर्यादा घालता येते. तिथून निरुपयोगी कौशल्ये काढून टाकावीत. सर्वोच्च श्रेणीच्या जादुई वस्तू यदृच्छेवर सोडू नयेत. एकाला सामना जिंकून देणारी वस्तू मिळाली आणि दुसऱ्याला शोभेची, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. अशा वस्तू नेमक्या निवडून सामाईक गाभ्यातच ठेवाव्यात, आणि ड्रॅगनांचा राबता असलेले मोठे कोठारही तिथेच शोभते.

आरशातील प्रतिमा का पुरत नाही

एका बाजूचा नकाशा उलटवून दुसरी बाजू केली की संतुलन झाले, असा समज फार पसरलेला आहे. हा खेळ तो समज दोन ठिकाणी खोटा ठरवतो.

पहिले ठिकाण म्हणजे प्रवेशद्वार. या खेळात नगरे आणि खाणी यांचे प्रवेशद्वार नेहमी खालच्या, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला असते आणि वरच्या बाजूने आत जाता येत नाही. नकाशा वर-खाली उलटवला तर उत्तरेचा खेळाडू नगरातून बाहेर पडताच थेट गाभ्याकडे चालू लागतो, आणि दक्षिणेच्या खेळाडूला आपल्याच नगराला वळसा घालावा लागतो. प्रत्येक खाणीपाशी हाच प्रकार घडतो. एकेका वळशाला दोन-चार घरे म्हटली तरी आठवड्याभरात पूर्ण दिवसाचा फरक पडू शकतो. म्हणून दोन खेळाडू पूर्व आणि पश्चिम दिशांना समोरासमोर ठेवणे सर्वांत सुरक्षित. चार कोपऱ्यांत चार खेळाडू असतील तर दक्षिणेकडील दोघांना चांगला रस्ता देऊन भरपाई करावी, आणि ती भरपाई नुसत्या अंदाजाने न करता चालीच्या गुणांत मोजून करावी.

दुसरे ठिकाण म्हणजे खेळण्याचा क्रम. लाल खेळाडू प्रत्येक दिवशी आधी खेळतो, मग निळा, आणि पुढे ठरलेल्या क्रमाने बाकीचे. दोघेही गाभ्यातील एकाच वस्तूपासून सारख्या अंतरावर असतील तर ती दरवेळी लालच उचलेल. यावर उपाय असा की गाभ्यात एकच मोठे बक्षीस न ठेवता दोन किंवा तीन ठेवावीत आणि त्यांच्यात इतके अंतर असावे की एका दिवसात कोणालाही सगळी घेता येऊ नयेत. एकमेव बक्षीस हवेच असेल तर निळ्याचे नगर त्यापासून अर्ध्या दिवसाच्या चालीने जवळ सरकवावे.

दारे, पाणी आणि मंत्र

हिरोला एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी नेणारे, दुहेरी वाहतुकीचे एकाच प्रकारचे दोनपेक्षा जास्त दगडी स्तंभ ठेवले, तर बाहेर पडण्याची जागा दर वेळी नशिबावर ठरते. चुरशीच्या नकाशात प्रत्येक प्रकाराची एकच जोडी असावी. भुयाराची दारे जवळच्या दाराशी जोडली जातात, म्हणून वरच्या आणि खालच्या पातळीवर ती शक्यतो एकाच जागी ठेवावीत. समुद्र घेतलाच तर हिशेब बदलतो: बोट बांधायला १००० सोने आणि १० लाकूड लागते, आणि बोटीत चढताना तसेच उतरताना त्या दिवसाची उरलेली चाल साधारणपणे संपते. पाण्यापलीकडची जागा नकाशावर जवळ दिसली तरी वहीत तिच्यापुढे जास्त दिवस लिहावेत.

रंगीत चौक्या आणि त्यांच्या किल्ल्या देणारे तंबू यांवर आधारलेल्या नकाशात उड्डाणाचा आणि मितीद्वाराचा मंत्र बंद करणे अत्यावश्यक आहे, कारण हे दोन मंत्र मिळालेला हिरो तुमच्या खिंडी, चौक्या आणि पहारे यांवरून सरळ पलीकडे जातो. नगरद्वाराचा मंत्र मोठ्या नकाशात ठेवायला माझी हरकत नाही. मध्यम नकाशात मात्र तो मुख्य सैन्याला एकाच दिवसात घरी परतू देतो आणि आक्रमणाची धारच बोथट करतो.

चाचणी

एडिटरमधील तपासणीची आज्ञा केवळ तांत्रिक दोष दाखवते. खरी चाचणी खेळूनच होते आणि तिला ठरावीक पद्धत असावी लागते.

प्रथम फक्त पहिला आठवडा खेळावा, पण प्रत्येक सुरुवातीच्या जागेवरून वेगळा. एकाच संगणकावर आळीपाळीने खेळण्याची सोय वापरून सर्व बाजू स्वतःच चालवता येतात. प्रत्येक बाजूसाठी वहीत चार नोंदी ठेवाव्यात: कोणती खाण कोणत्या दिवशी मिळाली, कोणत्या पहाऱ्यावर किती सैन्य गमावले, सातव्या दिवशी सोने किती उरले आणि मुख्य हिरो कोणत्या पातळीवर पोहोचला. दोन बाजूंच्या नोंदी शेजारी ठेवल्या की दोष लगेच समोर येतो. एखादी खाण एका दिवसाच्या फरकाने मिळत असेल तर कारण बहुधा रस्त्यात सापडते. दिवस सारखा असून सैन्याची हानी वेगळी असेल तर पहाऱ्यात. आणि दोन्ही सारखे असून सोने कमी उरत असेल तर मोकळ्या ढिगांत किंवा पेट्यांत.

एका फेरीत एकच गोष्ट बदलावी. रस्ता, पहारा आणि खाण एकदम हलवली तर कोणत्या बदलाने काय साधले, ते कधीच कळत नाही. प्रत्येक बदलानंतर नकाशा नव्या क्रमांकाने जतन करावा, म्हणजे बिघडल्यास मागे जाता येते.

पहिला आठवडा जुळला की चौथ्या आठवड्यापर्यंतचा खेळ दुसऱ्या माणसाबरोबर खेळावा, आणि मग जागा बदलून पुन्हा खेळावा. रचणाऱ्याला प्रत्येक खजिन्याची जागा ठाऊक असल्याने त्याचा स्वतःचा वेग फसवा असतो. नवा खेळाडू न पाहिलेला भाग झाकणाऱ्या धुक्यात चाचपडत जातो आणि त्याला तुमच्या अंदाजापेक्षा दोन-तीन दिवस जास्त लागणे स्वाभाविक आहे. तो सहा-सात दिवस जास्त घेत असेल तर वाट नीट दिसत नाही असे समजून तिच्या तोंडाशी एखादा रस्त्याचा तुकडा, फलक किंवा दुरून दिसणारी खाण ठेवावी. तो कुठे थांबून विचार करतो, हे न बोलता पाहत राहावे. ज्या ठिकाणी तो एकदाही थांबला नाही, तिथे निर्णय घेण्यासारखे काही नाही असे समजून त्या प्रदेशाची पुन्हा आखणी करावी.

चाचणी ज्या काठिण्यपातळीवर केली असेल तीच नकाशाच्या वर्णनात लिहावी. सामान्य पातळीवर खेळाडू २०,००० सोन्याने सुरुवात करतो, त्यापुढच्या पातळीवर १५,००० ने आणि सर्वांत कठीण पातळीवर शून्याने. एका पातळीवर बसवलेले वेळापत्रक दुसऱ्या पातळीवर तसेच बसत नाही. वर्णनात खेळाची आवृत्ती, खेळाडूंची संख्या, बंद केलेले मंत्र आणि नगरांवरील मर्यादा यांचाही उल्लेख असावा. विशेष विजयाची अट ठेवली असेल, उदाहरणार्थ एखादी वस्तू मिळवणे किंवा ठरावीक नगर जिंकणे, तर ती संगणकालाही लागू आहे की नाही आणि नेहमीच्या पद्धतीने जिंकण्याची मुभा ठेवली आहे की नाही, हे दोन्ही मुद्दे वर्णनाच्या पहिल्याच ओळींत स्पष्ट लिहावेत, म्हणजे खेळाडू पहिल्या दिवसापासून योग्य दिशेने आखणी करू शकेल.